गिरणी कामगारांचे मनोधैर्य

एखाद्या उद्योगात काम करणाऱ्या व्यक्तींच्या मनात आपले काम, सहकारी, वरिष्ठ अधिकारी आणि एकूण संस्था यांविषयी जी सामुदायिक वृत्ती निर्माण झालेली असते, तीस ‘कामगारांचे मनोधैर्य’ असे म्हणतात. ही संज्ञा मूळची लष्करी परिभाषेतील असून पहिल्या महायुद्धानंतर ती उद्योगक्षेत्रात रूढ झाली. वैयक्तिक समाधानाहून मनोधैर्य भिन्न होय. एखादा कामगार स्वतःपुरता समाधानी असूनही त्याच्या खात्यातील एकूण वातावरण अविश्वासाचे असू शकते. उलट कष्टाचे काम करणाऱ्या गटातही परस्परविश्वास व जिद्द आढळते. मनोधैर्यावर परिणाम करणाऱ्या घटकांत वेतन, कामाचे तास, कामाची जागा, नोकरीची शाश्वती, देखरेखीची पद्धत, सहकाऱ्यांशी संबंध आणि गाऱ्हाणी मांडण्याची सोय हे प्रमुख मानले जातात. हे घटक प्रत्यक्षात एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हे समजण्यासाठी मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास विशेष उपयुक्त आहे. वेतनाच्या आकड्याइतकेच, आणि पुष्कळदा त्याहून अधिक, महत्त्व त्या वेतनाच्या निश्चितीला, वागणुकीतील न्यायाला आणि आपले म्हणणे ऐकून घेतले जाईल ह्या भरवशाला असते, हे त्या इतिहासावरून दिसून येते.

निकष : मनोधैर्य प्रत्यक्ष मोजता येत नाही, गैरहजेरी, नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण, मालाची नासधूस, अपघात, तक्रारी व संप यांवरून त्याचे अनुमान करावे लागते. ही अनुमाने सावधपणे करणे इष्ट असते. कामावर नियमित हजर राहणारा कामगार संतुष्ट असेलच असे नाही. नोकरी गमावण्याच्या भीतीनेही हजेरी वाढते. त्याचप्रमाणे संप हा नेहमीच खचलेल्या मनाचा द्योतक नसतो. संघटित होऊन दीर्घकाळ हालअपेष्टा सोसणाऱ्या कामगारांत व्यवस्थापनाविषयी अविश्वास असला, तरी आपसांतील मनोधैर्य फार उच्च असू शकते.

अभ्यासाचा उगम : युद्धकाळात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाचे तास बेसुमार वाढविले असता उत्पादन त्या प्रमाणात वाढत नाही, असा अनुभव आला. त्यातून १९१५ मध्ये नेमलेल्या समितीने आणि १९१८ पासून औद्योगिक श्रांती संशोधन मंडळाने थकव्याचा पद्धतशीर अभ्यास केला. अमेरिकेत एल्टन मेयो यांनी १९२३ च्या सुमारास फिलाडेल्फियातील एका सूतगिरणीत विश्रांतीच्या छोट्या सुट्ट्यांचा प्रयोग केला. ज्या खात्यात कामगार टिकत नसत, त्या खात्यात ह्यामुळे स्थिरता आली. यानंतरचे सर्वांत प्रसिद्ध संशोधन म्हणजे शिकागोनजीकच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग होत. प्रारंभी प्रकाशाचा उत्पादनावरील परिणाम तपासण्यात आला. परंतु प्रकाश आणि उत्पादन यांत सरळ संबंध आढळेना. पुढे १९२७ पासून स्त्री-कामगारांच्या एका लहान गटाच्या बाबतीत विश्रांती, कामाचे तास आणि वेतनपद्धती यांत फेरफार करून निरीक्षणे केली गेली. १९२८ नंतर हजारो कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या आणि १९३१-३२ मध्ये चौदा पुरुष कामगारांच्या गटाचे निरीक्षण करण्यात आले. किती काम करावयाचे यासंबंधी ह्या गटाने आपसांत अलिखित मर्यादा घातली होती व ती अधिक कमाईच्या लोभानेही सहसा मोडली जात नव्हती, असे दिसून आले. ह्या प्रयोगांवरून काढलेल्या निष्कर्षांवर पुढे बरीच टीका झाली. स्त्री-कामगारांच्या गटातील दोघींना प्रयोगाच्या ओघात बदलण्यात आले होते आणि त्या गटाच्या वेतनपद्धतीतील बदलाचा परिणाम दुर्लक्षिला गेला, हे आक्षेप विशेष महत्त्वाचे होत. तथापि कामगार हा केवळ वेतनाकडे पाहणारा सुटा मनुष्य नसून तो एका गटाचा घटक असतो, ही गोष्ट ह्या संशोधनाने उद्योगजगतापुढे ठळकपणे मांडली.

ज्या वर्षांत हॉथॉर्न येथे मुलाखती चालू होत्या, त्याच वर्षांत मुंबईच्या गिरण्यांत एकामागून एक सार्वत्रिक संप होत होते. तेथे व्यवस्थापन कामगाराचे ऐकण्याची पद्धत शोधीत होते. येथे आपले म्हणणे ऐकविण्यासाठी कामगारांना बहुधा काम थांबवावे लागत होते. हा फरक समजण्यासाठी मुंबईतील गिरणी-व्यवस्थेची घडण पाहिली पाहिजे.

गिरण्यांची वाढ व कामगारवर्ग : कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी, शिवडी ह्या भागांत गिरण्यांचे जाळे पसरले. कामगार मुख्यतः रत्नागिरी, सातारा, कुलाबा, पुणे इ. जिल्ह्यांतून आणि काही प्रमाणात उत्तर भारतातून येत. चाळीतील एकेका खोलीत अनेक बिऱ्हाडे किंवा एकटे पुरुष राहत. त्यांच्या जेवणाची सोय गावाकडच्या बायांनी चालविलेल्या खाणावळींत होई. पावसाळ्यापूर्वी व सणासुदीस गावी जाण्याची प्रथा होती. ‘हा कामगार मनाने शेतकरीच आहे, म्हणून तो गिरणीत स्थिरावत नाही’, असे मत मालक व सरकारी अधिकारी वारंवार व्यक्त करीत. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या मताची चिकित्सा केली असून, गिरण्यांना माणसांची खरी टंचाई क्वचितच भासली आणि कामगारवर्गातील अस्थिरता ही बव्हंशी मालकांच्याच व्यवस्थेतून निर्माण झाली, असे दाखविले आहे. मनोधैर्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष मूलगामी आहे. कारण त्यामुळे दोष कामगाराच्या स्वभावाकडून व्यवस्थेकडे वळतो.

कामाचे तास व विश्रांती : आरंभीच्या गिरण्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. १८८१ च्या पहिल्या कारखाना अधिनियमाने केवळ मुलांच्या कामावर मर्यादा घातली. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळ येथे कामगारांच्या सभा घेतल्या व सु. ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवले. त्यातील मागण्या लक्षणीय आहेत : रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळणे आणि कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत वेतन. ह्यांत वेतनवाढीची मागणी नव्हती. काळाची, वेतनाची आणि आपत्तीतील आधाराची निश्चिती एवढेच मागितले होते. पुढे १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मी येथे हजारो कामगारांची सभा झाली आणि त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुटीचा निर्णय घेतला. १८९१ च्या अधिनियमाने साप्ताहिक सुटी व दुपारची विश्रांती यांना कायद्याचे रूप दिले.

तथापि प्रौढ पुरुषांच्या कामास कायद्याची मर्यादा नव्हती. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक सीमाही नाहीशी झाली; काही गिरण्यांत दिवसाचे काम चौदा-पंधरा तासांवर गेले. कामगार ह्या अतिरेकाशी आपल्या पद्धतीने जुळवून घेत. तंबाखूच्या, पाण्याच्या वा जेवणाच्या निमित्ताने ते साच्यापासून वरचेवर दूर जात. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा आळस होता. पण शरीराला सोसवत नाही एवढे काम टिकविण्याचा तो एक उपायच होता. १९११ च्या अधिनियमाने कापडगिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. १९२० च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. यानंतर कायद्याने १९२२ मध्ये दिवसाचे अकरा, १९३४ मध्ये दहा व १९४८ मध्ये नऊ तास ही कमाल मर्यादा ठरविली.

वेतन, दंड व कपात : वेतन मासिक असले, तरी ते उशिरा मिळे, त्यामुळे कामगाराचे काही दिवसांचे वेतन नेहमीच गिरणीकडे अडकलेले राही. नोकरी सोडावी तर ती रक्कम बुडण्याची भीती, न सोडावी तर तोवर वाण्याकडे किंवा सावकाराकडे उधारी, अशी कोंडी होई. साचेवाल्याची कमाई विणलेल्या मालावर अवलंबून होती. सूत कच्चे असले म्हणजे तार वरचेवर तुटे, साचा थांबे आणि सुताचा दोष कामगाराच्या कमाईतून वसूल होई. कापडात दोष आढळल्यास ते कापड साचेवाल्याच्या माथी मारून त्याची किंमत वेतनातून कापण्याची प्रथा होती. ही प्रथा कामगारांना विशेष झोंबे, कारण दोष कोणाचा हे ठरविताना त्यांचे म्हणणे विचारात घेतले जात नसे. ह्या बाबींना १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने आळा घातला. त्यानुसार एक हजारांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांत सात दिवसांत व इतरत्र दहा दिवसांत वेतन देणे बंधनकारक झाले. दंडाची कमाल मर्यादाही वेतनाच्या रुपयामागे अर्धा आणा अशी ठरली.

मुकादम आणि बदली पद्धती : कामगाराचा प्रत्यक्ष संबंध मालकाशी नव्हे, तर मुकादमाशी अथवा जॉबरशी येई. कामावर घेणे, काढणे, चांगला साचा देणे, रजा मंजूर करविणे ह्या सर्व गोष्टी त्याच्या हाती असत. स्त्रियांच्या खात्यात हेच अधिकार नाईकिणीकडे होते. नोकरी लागताना आणि पुढेही दस्तुरी द्यावी लागे. मात्र मुकादमास केवळ पिळवणूक करणारा मानणे एकांगी ठरेल. तो बहुधा गाववाला वा नातलग असे. नवख्यास खोली, उधारी व जामीन मिळवून देणाराही तोच असे. चाळीतील लोकांचा विश्वास गमावून त्याला फार काळ माणसे जमविता येत नसत. ह्यामुळे कामगाराची निष्ठा गिरणीकडे न राहता मुकादमाकडे जाई आणि मुकादमाला काढले म्हणजे त्याची माणसेही काम सोडून जात.

गैरहजर कामगारांच्या जागी दररोज बदली कामगार घेतले जात. रोज पहाटे भोंग्यापूर्वी दरवाजाशी उभे राहावयाचे, मुकादमाची नजर गेली तर काम, नाहीतर परत, असा त्यांचा दिनक्रम असे. वर्षानुवर्षे एकाच गिरणीत काम करूनही बदली कामगारास ‘आपली गिरणी’ असे म्हणण्याचा आधार नव्हता. भारतातील कामगारविषयक शाही आयोगाने (व्हिटली आयोग, १९२९–३१) मुकादमाकडील नोकरभरतीचा अधिकार काढून घ्यावा व तो कामगार अधिकाऱ्याकडे द्यावा, अशी शिफारस केली. मालक संघाने १९३५ मध्ये बदली नियंत्रण योजना सुरू केली. तीनुसार दरमहा ठराविक बदली कामगारांना कार्डे देऊन रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरावयाच्या होत्या. ह्या उपायांनी मनमानी कमी झाली, तरी मुकादमाचा प्रभाव ओसरण्यास दीर्घकाळ लागला.

प्रतिष्ठेचा प्रश्न : मनोधैर्य हे सर्वांचे एकच नसते, हे अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांच्या स्थितीवरून स्पष्ट होते. अधिक कमाईच्या विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. म्हणून ‘विटाळ’ होईल, असे कारण सांगितले जाई. हा अन्याय मालकांइतकाच सहकाऱ्यांच्या आग्रहानेही टिकून होता. १९२८ च्या संपाच्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न ठामपणे मांडला. कामगारांच्या ऐक्याला आतूनच तडा देणाऱ्या ह्या भेदाचे निवारण झाल्यावाचून त्या ऐक्याला पूर्णता येणार नव्हती. स्त्रिया बहुतांशी वाइंडिंग व रीलिंग खात्यांत काम करीत आणि बाळंतपण म्हणजे बहुधा वेतनाला मुकणे असे. १९२९ चा मुंबई प्रांतातील प्रसूति-लाभ अधिनियम हा भारतातील ह्या प्रकारचा पहिला कायदा होय. पुढील दशकांत मात्र गिरण्यांतील स्त्रियांची संख्या घटत गेली.

सुसूत्रीकरण व १९२८ चा संप : पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरल्यावर गिरण्यांपुढे अडचणी आल्या. १९२५ मध्ये वेतनात साडेअकरा टक्के कपात जाहीर होताच मोठा संप झाला. डिसेंबरमध्ये सरकारने कापडावरील उत्पादनशुल्क स्थगित केल्यावर कपात मागे घेण्यात आली. यानंतर काही गिरण्यांनी सुसूत्रीकरणाचा मार्ग धरला : साचेवाल्याने दोनऐवजी तीन साचे व सूतकताई खात्यातील कामगाराने एकाऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, अशी योजना होती. प्रत्येकाची कमाई काहीशी वाढणार असली, तरी कित्येकांची नोकरी जाणार होती आणि बदल ठरविताना कामगारांना विश्वासात घेतले गेले नव्हते. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सु. सहा महिने चाललेला संप यातून उद्भवला व त्यात सु. दीड लाख कामगार सहभागी झाले. संयुक्त संप समितीच्या सतरा मागण्यांत कपातीस विरोध होताच. त्याशिवाय कामगारांच्या संघटनांना विचारल्यावाचून कामाच्या अटी बदलू नयेत आणि खराब कापड साचेवाल्यांच्या माथी मारू नये, ह्या मागण्याही होत्या. संपकाळात अनेक कामगार गावी गेले. मुंबईत राहिलेल्यांना दुकानदारांची उधारी व चाळीतील शेजार यांचा आधार मिळाला. गिरणीच्या दृष्टीने ज्याला बेशिस्त म्हटले जाई, त्याच समूहाने सहा महिने विलक्षण शिस्त दाखविली. ना. म. जोशी यांच्या नेतृत्वाखालील मवाळ संघटना आणि १९२८ मध्येच स्थापन झालेली गिरणी कामगार युनियन ही लाल बावट्याची संघटना या दोन्ही प्रवाहांनी संयुक्त समितीत काम केले. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने सर्व प्रश्नांची तपशीलवार चौकशी केली. तथापि परस्परविश्वास निर्माण झाला नाही आणि १९२९ मध्ये पुन्हा संप झाला.

ह्या अनुभवाच्या तुलनेत अहमदाबाद येथील एक प्रयोग उद्‌बोधक आहे. तेथील कॅलिको गिरणीत स्वयंचलित साचे बसविल्यानंतर अपेक्षित परिणाम दिसेना; तेव्हा १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी कामाच्या रचनेचा अभ्यास केला. प्रत्येक कामगाराला सुटे काम न देता ठराविक साचे एका लहान गटाकडे सोपवावेत, असे त्यांनी सुचविले. ही सूचना कामगार व पर्यवेक्षक यांनी स्वतःच पुढे नेऊन आपसांत गट बनविले. कालांतराने उत्पादन वाढले आणि मालाची नासधूस घटली. यंत्र नवे होते म्हणून मुंबईत १९२८ साली विरोध झाला व अहमदाबादेत १९५३ साली झाला नाही, असे म्हणता येत नाही. बदल कोणी व कसा ठरविला, हा दोहोंतील मुख्य भेद होता.

कायदा, प्रतिनिधित्व व मनोधैर्य : १९३४ मध्ये मुंबई सरकारने कामगारांची बाजू मांडणाऱ्या सरकारी कामगार अधिकाऱ्याची तरतूद केली. १९३८ च्या मुंबई औद्योगिक विवाद अधिनियमाने नोकरीच्या अटी लेखी स्थायी आदेशांच्या स्वरूपात निश्चित करणे आवश्यक केले. १९४७ मध्ये वेतनाचे प्रमाणीकरण होऊन सव्वीस दिवसांच्या कामास किमान मूळ वेतन ३० रु. ठरले, एकाच कामास निरनिराळ्या गिरण्यांत निरनिराळे वेतन ही जुनी तक्रार त्यामुळे दूर झाली. राज्य विमा योजना (१९४८) व भविष्यनिर्वाह निधी (१९५२) यांच्या कायद्यांनी आजारपण व वार्धक्य यांबाबत आधार दिला. कायम नोकरी असलेल्या गिरणी कामगारास ह्या काळात समाजात व चाळीत मानाचे स्थान होते.

परंतु १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाने संपूर्ण उद्योगासाठी एकाच प्रातिनिधिक संघटनेस वाटाघाटींचा अधिकार दिला. उद्देश स्थैर्याचा होता. पण कामगारांचा विश्वास बदलला तरी प्रतिनिधी बदलणे अवघड झाले. दरम्यान अभियांत्रिकी व रसायन उद्योगांतील वेतने गिरण्यांच्या पुढे गेली आणि बदली कामगारांची संख्या मोठीच राहिली. १९८१ च्या दिवाळीतील बोनसच्या वादातून असंतोष उफाळला व दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सार्वत्रिक संप सुरू झाला. सु. अडीच लाख कामगार त्यात होते. वेतनवाढ व बदली कामगारांना कायम करणे यांबरोबरच आपली संघटना आपण निवडण्याचा हक्क ही त्यांची प्रमुख मागणी होती. हा संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. १९८३ मध्ये तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले; अनेक गिरण्या पुढे बंद पडल्या, हजारो कामगार कायमचे बेकार झाले आणि १९९१ नंतर गिरण्यांच्या जमिनींचे रूपांतर व्यापारी संकुलांत व निवासी मनोऱ्यांत होऊ लागले. संपाच्या अपयशाला जुनी यंत्रसामग्री, यंत्रमागांची स्पर्धा आणि मालकांचे जमिनीच्या किमतीकडे वळलेले लक्ष हीही कारणे होती. केवळ मनोधैर्याच्या चौकटीत त्याचे स्पष्टीकरण करता येत नाही.

मूल्यमापन : वेतन अपुरे असताना अन्य उपायांनी मनोधैर्य टिकविता येते, असा अर्थ वरील इतिहासातून काढणे चूक होईल. कपातीविरुद्धचे संप ही उपजीविकेचीच लढाई होती. मात्र १८८४ चे निवेदन, १९२८ च्या मागण्या आणि १९८२ चा संप यांतून एक समान सूत्र दिसते. काम उद्या असेल का, वेतन कधी मिळेल, दंड कोणत्या नियमाने होईल, बदलाविषयी आधी विचारले जाईल का आणि आपल्या वतीने बोलणारा आपलाच असेल का, ह्या पाच प्रश्नांची उत्तरे अनिश्चित राहिली, तेथे कल्याणकारी सोयींनी अविश्वास दूर झाला नाही. त्यांपैकी जे प्रश्न नियमांनी सुटले, ते पुन्हा संपाचे कारण क्वचितच बनले. गिरण्यांचा काळ संपला असला, तरी कंत्राटी व हंगामी नोकरीच्या रूपाने बदली कामगाराची अवस्था इतर उद्योगांत आजही आढळते; म्हणून गिरणगावाचा हा अनुभव औद्योगिक मानसशास्त्राच्या व कामगार-इतिहासाच्या अभ्यासकांना अद्यापि उपयुक्त आहे.